हिरवा ठिपका आणि आपला त्याग



मागच्या चातुर्मासातली गोष्ट. सूर्यास्ताला अर्धा तास उरला होता आणि सासूबाईंना चहाबरोबर काहीतरी हवं होतं. घरात काही केलेलं नव्हतं. नातवासाठी आणलेला बहुधान्य बिस्किटांचा पुडा होता. मी समोर हिरवा ठिपका पाहिला आणि दोन बिस्किटं बशीत घालून दिली. त्यांनी खाल्ली. पाणी पिऊन, हात धुऊन त्यांनी चौविहार घेतला.

रात्री पुडा डब्यात रिकामा करताना सहज मागची बाजू वाचली. गहू, ओट्स, साखर, वनस्पती तेल आणि पुढे बारीक अक्षरात : मध.

सासूबाईंचा मधाचा त्याग चाळीस वर्षांचा आहे. आपल्या अष्ट मूलगुणांत मद्य, मांस, मधु हे त्याग पहिले. शाळेतल्या मुलीलाही ते पाठ असतात. मी रात्रभर बेचैन होते. सकाळी सांगितलं. त्या काही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, हिरवा ठिपका होता ना त्याच्यावर?" त्या दिवशी त्यांनी एकाशन केलं, णमोकाराच्या माळा जपल्या आणि विषय संपवला. माझ्या डोक्यातून मात्र त्यांचा प्रश्न गेला नाही. ठिपका होता. मग तो खोटा होता का?

नव्हता. कायद्याप्रमाणे तो बरोबरच होता. तो ठिपका कुठून आला, कोणी आणला, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शोधत मी बरेच दिवस वाचत होते. आपल्या रोजच्या स्वयंपाकाशी त्याचा इतका जवळचा संबंध आहे, म्हणून हा इतिहास तुमच्यासाठी लिहिते आहे.

ठिपक्याच्या आधी

आपल्या आज्जींना ठिपक्याची गरज नव्हती, कारण त्यांच्या घरात पुडाच येत नव्हता. धान्य शोधायचं, पाणी गाळायचं, पीठ घरच्या जात्यावर, तेल ओळखीच्या घाण्यावरचं. दळलेल्या पिठालाही मर्यादा : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पदार्थात काय आहे हे करणाऱ्या बाईला माहीत असायचं, कारण ते तिनेच घातलेलं असायचं.

सरकारचा कायदा तेव्हाही होता. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. पण त्याची काळजी वेगळी होती. दुधात पाणी, हळदीत रंग, तुपात वनस्पती अशी फसवणूक आणि आरोग्याचा धोका तो बघायचा. खाणाऱ्याचा धर्म काय, व्रत काय, हा त्याचा विषय नव्हता.

वनस्पती तुपाचं उदाहरण बघा. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि पुढे मध्यमवर्गी घरांत वनस्पती रुळलं. साजूक तुपात ते मिसळून विकलं जाईल ही भीती होती. म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. तिळाचं तेल एका साध्या रासायनिक चाचणीत रंग दाखवतं, त्यामुळे तुपात वनस्पती मिसळलं असेल तर पकडता येतं. युक्ती चांगली होती. पण ती तुपाच्या रक्षणासाठी होती. खुद्द वनस्पतीच्या डब्यात कोणी काय मिसळलं, हे त्या तिळाच्या तेलावरून कळत नव्हतं.

आणि नेमकं तेच झालं. १९८३ साली बातमी फुटली की साबणासारख्या उद्योगांसाठी म्हणून परदेशातून येणारी गुरांची चरबी काही व्यापाऱ्यांनी वनस्पती तुपात मिसळली. चरबी स्वस्त होती, एवढंच कारण. संसदेत गदारोळ झाला, सरकारने तिच्या आयातीवर बंदी घातली. आमच्या आईला ते दिवस चांगले आठवतात. तिने घरातला वनस्पतीचा डबा बाहेर काढला आणि पुन्हा कधी घरात आणला नाही. कित्येक घरांत तेच झालं असेल. तुमच्या आईला, सासूबाईंना विचारून बघा.

त्या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. डबा बंद झाला की आपला विवेक डब्याच्या बाहेर राहतो. आत काय आहे ते कारखानदाराने सांगितलं तरच कळणार. आणि त्याने ते सांगावं, अशी सक्ती तेव्हा पुरेशी नव्हती.

दोन ठिपके, दोन तारखा

पुढच्या वीस वर्षांत बिस्किटं, सूप, नूडल्स, आईस्क्रीम, चॉकलेट सगळं पुड्यातून घरात आलं. पुड्यावर घटकांची यादी असायची, पण ती वाचून काय कळायचं? इमल्सिफायर, स्टॅबिलायझर, मान्यताप्राप्त चव. जिलेटिन हाडांपासून आणि कातड्यापासून करतात हे किती जणींना माहीत होतं?

शेवटी २००० साली अन्नभेसळीच्या नियमांत बदल झाला. आधी आली ती मांसाहाराची खूण : चौकोनात तपकिरी ठिपका. ४ एप्रिल २००० ला अधिसूचना निघाली आणि सहा महिन्यांनी, ४ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. नियमात मांसाहाराची व्याख्या केली गेली. कुठलाही प्राणी, पक्षी, मासा, त्याचा कुठलाही भाग, अंडं, किंवा प्राण्यापासून मिळालेला कुठलाही पदार्थ घटक म्हणून असेल तर ते अन्न मांसाहारी. अपवाद फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ.

हिरवा ठिपका त्यानंतरचा आहे. त्याची अधिसूचना २० डिसेंबर २००१ ची आणि अंमल २० जून २००२ पासून. म्हणजे मधली जवळजवळ पावणेदोन वर्षं तपकिरी ठिपका नसणं हीच शाकाहाराची खूण होती. ठिपका नाही तो खरंच शाकाहारी म्हणून की कंपनी लावायला विसरली म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. हिरव्या ठिपक्याने कंपनीला स्वतःहून बोलायला लावलं : हो, हे शाकाहारी आहे, आणि याची जबाबदारी माझी.

ठिपक्याचा आकारसुद्धा नियमात ठरवून दिला आहे. पुड्याचा दर्शनी भाग शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठिपका किमान तीन मिलिमीटर व्यासाचा, पुडा मोठा तसा चार, सहा आणि आठ. भोवतीच्या चौकोनाची बाजू ठिपक्याच्या दुप्पट. तो दर्शनी बाजूलाच हवा. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी अशा काही गोष्टींना मात्र सूट होती, त्यामुळे तिथे ठिपका नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

याच सुमाराला अमेरिकेत एक प्रकरण गाजलं, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांच्या ते जिव्हाळ्याचं होतं. मॅकडोनाल्ड्सने १९९० साली जाहीर केलं होतं की बटाट्याच्या फ्राइज आता वनस्पती तेलात तळल्या जातात. तिथले कितीतरी शाकाहारी लोक त्या भरवशावर त्या खात होते. प्रत्यक्षात तिथल्या फ्राइजमध्ये चवीसाठी गोमांसाचा अंश असायचा, आणि तो घटकांच्या यादीत 'नैसर्गिक चव' या गोड नावाखाली दडलेला होता. मे २००१ मध्ये सिएटलमध्ये दावा दाखल झाला. इकडे ठाण्यातल्या दुकानावर मोर्चा जाऊन तोडफोडही झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये असं काही नाही, असं कंपनीने इथे जाहीर केलं. अमेरिकेत मात्र २००२ साली कंपनीने माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी व इतर संस्थांना मिळून एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

तोडफोड आपल्या धर्मात बसत नाही, ते सोडून देऊ. पण त्या दाव्याने जगाला एक गोष्ट शिकवली. 'वनस्पती तेलात तळलेलं' हे वाक्य खरं असूनही माणसाची फसगत होऊ शकते.

साबणाचं काय?

आपल्यासाठी प्रश्न फक्त पोटात जाणाऱ्या वस्तूंचा नाही. अंगाला लावायचा साबण, टूथपेस्ट, लिपस्टिक, औषधाची कॅप्सूल यांतही चरबी, जिलेटिन असू शकतं. दिल्ली उच्च न्यायालयात ओझैर हुसेन यांनी याच विषयावर याचिका केली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं : मी काय वापरतो हे जाणून घेणं हा माझा हक्क आहे, आणि ते कळलं नाही तर माझ्या श्रद्धेप्रमाणे मी जगणार कसा? नोव्हेंबर २००२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं आणि सौंदर्यप्रसाधनांवर, तसंच जीवरक्षक औषधं सोडून इतर औषधांवरही अशी खूण लावावी, असा आदेश दिला.

हे वाचताना मला विशेष वाटलं ते हे की हा लढा एका मुस्लिम नावाच्या माणसाने लढला. अहिंसा ही आपल्या एकट्यांची मालमत्ता नाही, याची आठवण मला अधूनमधून लागते.

पण उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मार्च २०१३ ला तिथे निकाल उलटला. नवा नियम घालून देणं हे न्यायालयाचं काम नाही, ते सरकारने ठरवायचं, असा त्या निकालाचा आशय. त्यानंतर २०१४ साली वजनमापाच्या नियमांत सरकारने कलम घातलं की साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि इतर प्रसाधनांच्या पुड्यावरही लाल वा तपकिरी किंवा हिरवा ठिपका असावा. त्याच वर्षी प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात बंदी आली, आणि नोव्हेंबरपासून अशी चाचणी केलेली प्रसाधनं बाहेरून आणायलाही. तरीही दुकानात फळीपुढे उभं राहून बघा. काही साबणांवर ठिपका दिसतो, काहींवर दिसत नाही. म्हणून मी साबण घेतानाही ठिपका शोधते, आणि नसेल तर दुसरा घेते. औषधाचं तसं करू नका. डॉक्टरांना विचारा की गोळी किंवा पातळ औषध मिळेल का. पुष्कळदा मिळतं.

ठिपका काय सांगत नाही

मधल्या काळात जुना भेसळीचा कायदा गेला. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला, त्याखाली प्राधिकरण आलं, २०११ साली वेष्टनाचे नियम आणि २०२० साली लेबलांचे नवे नियम आले. या नव्या नियमांत तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण झाला. कारण फार साधं आहे : ज्यांना लाल-हिरवा रंग ओळखता येत नाही त्यांना तपकिरी आणि हिरवा गोल सारखाच दिसायचा. आता आकारावरूनही फरक कळतो.

आणि याच नियमांत मला माझ्या बिस्किटांचं उत्तर मिळालं. मांसाहाराच्या व्याख्येतून २००० साली फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ वगळले होते. २०२० च्या व्याख्येत ती यादी वाढली. मध, मधमाशीचं मेण, कार्नाउबा मेण आणि लाख हेही वगळलं. कार्नाउबा एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून मिळतं, त्याचा आपल्याला प्रश्न नाही. पण मध माशांचा, मेण माशांचं, आणि लाख ही लाखेच्या किड्यांची. चकचकीत गोळ्यांवर, चॉकलेटच्या दाण्यांवर जी झिलई असते ती अनेकदा लाखेची किंवा मेणाची असते. कायद्याच्या भाषेत ते सगळं हिरवं.

मी कायद्याला दोष देत नाही. देशात कोट्यवधी शाकाहारी लोक मध खातात, पूजेत वापरतात, त्यांच्या दृष्टीने तो शाकाहारच. कायदा सगळ्यांसाठी एक रेघ ओढतो. आपली रेघ त्याच्या आत आहे, एवढंच. कंदमुळांचंही तसंच. कांदा, लसूण, बटाटा असलेल्या पुड्यावर हिरवाच ठिपका असणार. 'जैन' असं लिहिलेले पुडे हल्ली मिळतात, पण हिरव्या ठिपक्यासारखी सरकारने ठरवून दिलेली जैन खूण नाही. तो शब्द कंपनी स्वतःच्या समजुतीप्रमाणे लिहिते. कांदा-लसूण नाही एवढ्यावर कोणी 'जैन' लिहितं, आणि आत बटाट्याचा स्टार्च असतो. २०२२ पासून 'व्हीगन' पदार्थांसाठी वेगळे नियम आणि खूण आहे. त्यात प्राण्यापासून आलेलं काहीच चालत नाही, म्हणून मधही नाही. मधाचा त्याग असलेल्यांना ती खूण उपयोगी पडेल. पण कंदमुळाबद्दल तीही काही सांगत नाही.

६३१ चा निकाल

शेवटचा टप्पा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. यादीत घटकांची नावं नसून आकडे असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ४७१, ६३१, ९०१, ९०४. यातला ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण आणि ९०४ म्हणजे लाख. ४७१ वनस्पती तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. ६३१ हा चव वाढवणारा पदार्थ आहे. तो इन्स्टंट नूडल्स, चिप्स यांत वापरतात. तो मांसापासून किंवा माशांपासून करतात, आणि वनस्पतीजन्य मार्गानेही करता येतो. आकडा मात्र दोन्हीला एकच.

राम गौ रक्षा दल या संस्थेने याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. ९ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने ६३१ चंच उदाहरण घेऊन सांगितलं की नुसता आकडा देऊन भागणार नाही. घटकाचं नाव हवं, आणि तो वनस्पतीपासून आला, प्राण्यापासून आला की प्रयोगशाळेत झाला, हेही सांगायला हवं. आणि पुढचं तर आपल्या एखाद्या स्वाध्यायात शोभेल असं आहे : प्राणिज घटक अगदी नगण्य प्रमाणात असला तरी तो पदार्थ मांसाहारीच ठरतो. माणसाला आपण काय खातो हे जाणायचा हक्क आहे, तो त्याच्या जगण्याच्या आणि श्रद्धेच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

'थोडंसंच तर आहे' हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीत किती वेळा ऐकतो! आपल्याला अतिरेकी म्हणणाऱ्यांना आता एवढं तरी सांगता येईल की उच्च न्यायालयानेही 'थोडंसं' मानलेलं नाही.

मग आपण काय करायचं

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्या मुळाशी प्रमाद आहे, म्हणजे बेसावधपणा. हे सगळं वाचून झाल्यावर माझी चूक मला नेमकी कळली. पुडा फसवा नव्हता. घटकांची यादी तिथे छापलेली होती, माझ्याच भाषेत नसली तरी मला वाचता येण्यासारखी होती. मी वाचली नाही. आज्जी धान्य शोधायची, खडा आणि किडा बाजूला काढायची. माझ्या हातात धान्याऐवजी पुडा आहे, तर मला पुडा शोधायला हवा. काम तेच आहे, सूप तेवढं बदललं.

म्हणून आता आमच्या स्वयंपाकघरात एक भिंग आहे. फ्रिजवर आकड्यांचा एक कागद चिकटवला आहे : ९०१ आणि ९०४ नको, ६३१ आणि ४७१ कशापासून ते लिहिलेलं नसेल तर नको, जिलेटिन नको, मध नको. नवीन पुडा घरात आला की आधी मागची बाजू वाचायची, मग समोरची. नातू नववीत आहे, त्याचे डोळे चांगले, तो मोठ्याने वाचून दाखवतो. सासूबाई ऐकतात. गेल्या महिन्यात एका पुड्यावरचा ४७१ कशापासून केला आहे हे कळेना, म्हणून त्याने कंपनीच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारून सांगते म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर फोन करून सांगितलं की वनस्पती तेलापासून. आपण विचारलं तर उत्तर मिळतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हिरवा ठिपका सहज आलेला नाही. त्यामागे चरबीचं प्रकरण आहे, नियमांचे मसुदे आहेत, कोर्टात वर्षानुवर्षं फेऱ्या मारलेली माणसं आहेत, त्यातली बरीचशी आपल्या समाजाची नाहीत. त्यांचे उपकार मानावेत. ठिपका आपल्याला दारापर्यंत आणून सोडतो. पुढचं, घरात काय घ्यायचं ते, आपल्यालाच बघायचं आहे.

सासूबाईंना परवा मी हा सगळा इतिहास सांगितला. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे ठिपका खोटा नव्हता तर. बरं झालं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "चहाबरोबर तुझ्या हातची शंकरपाळी केलीस तर भिंग काढायला नको." आज दुपारी तळायला बसणार आहे. चूकभूल झाली असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.